वरातीची गीतमाला : एक संधिविचार

१

वरातीपुढे वाजणाऱ्या गाण्यांविषयी मराठीत जे लिहिले जाते, ते बहुधा तक्रारीच्या स्वरूपाचे असते. आवाज किती, वेळ कोणती, रहदारी किती खोळंबली, हे प्रश्न खोटे नव्हेत. परंतु ते नगरपालिकेचे आणि पोलिसांचे प्रश्न आहेत. समीक्षेचा प्रश्न निराळा आहे. जुन्या गाण्यांचे तुकडे निवडून, त्यांची लय जुळवून, ते एकाला एक जोडून तास-दीड तास अखंड चालणारी जी रचना नाचासाठी तयार केली जाते, तिला रचना म्हणावयाचे किंवा नाही, आणि म्हणावयाचे झाल्यास तिचे गुणदोष कोणत्या कसोटीवर पारखावयाचे, हा तो प्रश्न होय. बोलीत या प्रकारास ‘मिक्स’ किंवा ‘नॉनस्टॉप’ म्हणतात. येथे त्यास गीतमाला म्हटले आहे.

नगर शहराच्या नैऋत्येस, पुणे रस्त्यावर वसलेले केडगाव हे या विचारास सोयीचे क्षेत्र आहे. रेणुकामातेच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीस परिचित असलेले हे गाव एके काळी शहरापासून वेगळे होते. आज ते शहराचे उपनगर झाले आहे. (ज्या जिल्ह्यात ते मोडते, त्याचे अहमदनगर हे नाव २०२४ मध्ये बदलून अहिल्यानगर झाले.) शेती सांभाळून राहिलेली मूळ घराणी आणि नोकरीधंद्यासाठी शहराजवळ येऊन स्थायिक झालेली कुटुंबे येथे एकाच गल्लीत नांदतात. त्यामुळे एका वरातीत तीन प्रकारचे कान एकत्र येतात. तमाशाच्या फडातून व तंबूतल्या सिनेमातून गाणे ऐकलेला आजोबांचा कान, कॅसेटवर वाढलेला बापाचा कान, आणि भ्रमणध्वनीवर गाणे ऐकणारा मुलाचा कान. या तिघांनाही एकाच वेळी नाचविणे हे गीतमालेचे प्रयोजन होय.

सामग्रीचा पल्ला त्यानुसार मोठा असतो. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटांतील लावण्या, शांता शेळके व हृदयनाथ मंगेशकर यांच्या कोळीगीतांपासून पुढे लोकप्रिय झालेला कोळीगीतांचा प्रवाह, दादा कोंडके यांच्या चित्रपटांतील द्वंद्वगीते, प्रल्हाद शिंदे यांचा खडा आवाज, आनंद व मिलिंद शिंदे यांची १९८० च्या दशकात कॅसेटवरून घरोघर गेलेली गाणी, आणि अखेरीस ‘जत्रा’ (२००६) व ‘सैराट’ (२०१६) यांतील अजय-अतुल यांची गाणी, असा तो साधारण पल्ला आहे. सहा दशकांचे हे साहित्य एका तासात बसवावयाचे असते.

२

प्रथम ‘डीजे’ या शब्दाचाच विचार करणे उपयुक्त ठरेल. मूळ इंग्रजीत हा शब्द तबकड्या निवडून वाजविणाऱ्या व्यक्तीचा वाचक आहे. मराठीत त्याचा अर्थ सरकला. ‘डीजे लावला’, ‘डीजे आणला’, ‘डीजे बंद पडला’ या प्रयोगांत तो शब्द टेंपोवर रचलेल्या कर्ण्यांच्या भिंतीचा, जनित्राचा, एकंदर यंत्रसामग्रीचा वाचक झाला आहे. दिवा लावतात, रेडिओ लावतात, तसाच डीजे लावतात. व्यक्तीचा निर्देश करण्याची वेळ आली, की ‘वाला’ हा प्रत्यय जोडून ‘डीजेवाला’ असा शब्द बनवावा लागतो. यंत्र हे मूळ आणि माणूस हा साधित, अशी ही उलटापालट आहे.

हा केवळ शब्दार्थाचा चमत्कार नव्हे. ज्या रचनेचा कर्ता भाषेनेच यंत्रात विरघळवून टाकला, त्या रचनेची समीक्षा होत नाही. यंत्राची तक्रार होते; समीक्षा कर्त्याची होते. वस्तुतः गाणी निवडणे, त्यांचा क्रम लावणे, कोणते कडवे ठेवावयाचे व कोणते गाळावयाचे हे ठरविणे, ही सर्व कर्त्याची कामे आहेत, आणि मराठी परंपरेत ती नवीन नाहीत. वारकरी भजनात रूपाच्या अभंगापासून गौळणीपर्यंत आणि पुढे आरतीपर्यंत निरनिराळ्या संतांची पदे ठरलेल्या क्रमाने गुंफली जातात. दिंडीत त्यांवर पावली खेळली जाते, फुगडी घातली जाते. चालत्या समुदायास नाचविण्यासाठी जुन्या गीतांची मालिका लावणे ही कला महाराष्ट्राने टाळ-मृदंगावर शतकानुशतके जोपासली आहे. तिच्याशी तुलना केल्यासच वरातीच्या गीतमालेचे यश व अपयश नेमके दिसू शकेल.

३

गीतमालेचा कस जोडावर लागतो. प्रत्येक गाणे स्वतंत्रपणे आधीच सिद्ध आहे. कर्त्याचे स्वतःचे असे जे काही आहे ते दोन गाण्यांच्या मधल्या जागेत आहे. वर्णांच्या अत्यंत सान्निध्यास पाणिनीने संहिता म्हटले, आणि त्या सान्निध्यात वर्णांत जो बदल घडतो त्यास व्याकरणाने संधी हे नाव दिले. गीतमालेतील जोड समजून घेण्यास ही परिभाषा फार उपयोगी पडते.

पहिला प्रकार प्रकृतिभावाचा. येथे दोन वर्ण जवळ येऊनही संधी होत नाही. ब्रास बँडच्या वरातीत असे होत असे. एक गाणे संपे, वाजंत्री दम घेत, पुन्हा ताशा कडाडे आणि दुसरे गाणे सुरू होई. दोन्ही गाणी आपापल्या जागी अविकृत राहत.

दुसरा पूर्वरूपाचा. ‘काही’ आणि ‘असा’ मिळून ‘काहीसा’ होते. आधीचा स्वर टिकतो आणि नंतरचा लोपतो. गीतमालेत पहिल्या गाण्याचा ठेका चालू राहतो आणि दुसरे गाणे आपले प्रारंभीचे वाद्यसंगीत सोडून थेट त्या ठेक्यात उतरते. नाचणाऱ्याचे पाऊल मोडत नाही, हा याचा लाभ.

तिसरा पररूपाचा. ‘एक’ आणि ‘एक’ मिळून ‘एकेक’ होते; नंतरचा स्वर आधीच्यास गिळून टाकतो. आजच्या गीतमालेत हाच प्रकार सर्वाधिक आढळतो. पहिल्या गाण्याचे धृपद दोनदा होते न होते, तोच दुसऱ्याचा ढोल त्याच्यावर येऊन आदळतो. पहिले गाणे पूर्ण होत नाही, तोडले जाते.

चौथा आदेशाचा. ‘महा’ आणि ‘ईश’ यांच्या संधीत आ व ई हे दोन्ही स्वर जाऊन तिसराच ए येतो. एका गाण्याचा आवाज दुसऱ्या गाण्याच्या ठेक्यावर बसवून तिसरीच वस्तू निर्माण करणे, हा तो प्रकार. हा सर्वांत अवघड, आणि साधला तर सर्वांत श्रेष्ठ. परंतु व्याकरणात आदेश मनःपूत होत नाही. त्यास नियम असतो. लावणीच्या आवाजाखाली परका ठेका घातल्याने आदेश सिद्ध होत नाही. कॅसेटच्या काळात ‘झंकार’ या नावाने जुन्या हिंदी गाण्यांवर यंत्राचा ताल चढवून ती पुन्हा विकली गेली. तेथे दोन वस्तू एकमेकींत मिसळल्या नाहीत. एक दुसरीच्या डोक्यावर बसली.

४

संधीचा नियम कोणता, हे पाहावयाचे झाल्यास तालाकडे वळावे लागते. जोडणीचे तंत्र जगात प्रथम सोल संगीतावर घडले. न्यूयॉर्कच्या ‘सँक्च्युअरी’ या नृत्यगृहात १९७० च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो याने दोन तबकड्यांचे आघात एकमेकांवर बसवून गाणी अखंड वाजविण्याची रीत रूढ केली. १९७२ मध्ये आलेल्या ‘टेक्निक्स एसएल-१२००’ या तबकडीयंत्राच्या १९७९ च्या सुधारित आवृत्तीत वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-अधिक करणारी सरकती पट्टी होती. मिनिटास १०० आघातांचे गाणे तिच्या साहाय्याने १०८ वर नेता येई. मात्र तबकडीचा वेग वाढला की स्वरही चढतो. सुमारे सहा टक्के वाढीस अर्धा स्वर चढतो. गायकाचा आवाज त्यामुळे कोवळा, क्वचित् बालिश वाटू लागतो. आजच्या संगणकावर वेग आणि स्वर वेगळे करता येतात. तरी वेग फार बदलल्यास स्फोटक व्यंजनांचा क्षण बोथट होतो, आणि मराठीसारख्या, अल्पप्राण-महाप्राणांचा भेद काटेकोरपणे पाळणाऱ्या भाषेत ते कानास खटकते.

तथापि वेग जुळविणे हा प्रश्नाचा सोपा भाग आहे. खरी अडचण आवर्तनाची आहे. माधव पटवर्धन यांनी ‘छंदोरचना’त मराठी जातिरचनेची विभागणी आवर्तनावरून केली, आठ मात्रांची ती पद्मावर्तनी, सहा मात्रांची ती भृंगावर्तनी. यांत्रिक नृत्यसंगीताचा सरळ ठेका प्रवृत्तीने पद्मावर्तनी आहे. पुष्कळशी कोळीगीते भृंगावर्तनी आहेत. वल्ह्याच्या झोक्यासारखा त्यांचा हेलकावा तीन-तीन मात्रांचा आहे. अशा गाण्यास चार-चारच्या साच्यात कोंबले, की दीर्घ अक्षरे आखडतात, ऱ्हस्व अक्षरे ओढली जातात, आणि शब्दाचा स्वाभाविक आघात चुकीच्या अक्षरावर पडतो. नाचणाऱ्यास काय बिघडले ते सांगता येत नाही, पण खांदे डोलावयाचे थांबतात.

उपाय अवघड नाही. दोन्ही आवर्तनांत दोन-दोन मोठे आघात आहेत. ते समान अंतरावर ठेवून आतील विभागणी तेवढी बदलावयाची. मिनिटास १२० आघात धरल्यास एका आघाताचा अवधी अर्धा सेकंद होतो. त्यात तीन मात्रा असल्या तर प्रत्येकीस सुमारे ०.१६७ सेकंद, चार असल्या तर ०.१२५ सेकंद मिळतो. जोडाच्या जागी काही आवर्तने केवळ मोठे आघात ठेवून आतील भरणा काढून टाकला, की पाऊल तेच राहते आणि तिनाची चाल चाराची होते. हलगी वाजविणारा जाणता कलावंत हे हाताने सहज करतो. जो डीजेवाला हे जाणतो, त्याची गीतमाला कोळीगीतातून लावणीत उतरताना घसरत नाही. वामनाने समाधि हा गुण आरोह आणि अवरोह यांच्या क्रमात पाहिला. चढ आणि उतार दोन्ही हवेत, आणि ते क्रमाने यावयास हवेत. प्रत्येक जोडास फक्त चढच देणारी गीतमाला पंधरा मिनिटांत सपाट होते, कारण सर्वच शिखर असेल तर शिखर कोठेच नसते.

५

येथवरचे दोष कारागिरीचे आहेत. ते अभ्यासाने सुधारतील. याहून मोठा दोष रचनेच्या मुळाशी आहे.

वरातीतील गीतमाला जवळजवळ सर्वत्र धृपदांची आहे. कडवी गाळली जातात. एका गाण्यास दीड-दोन मिनिटे मिळतात, त्यात धृपद दोनदा येते, आणि पुढचे गाणे त्यास गिळते. परिणामी गाणे हे गाणे न राहता गाण्याची खूण होते. १९७८ च्या ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ या चित्रपटातील ‘ढगाला लागली कळ’ हे गाणे २०१९ मध्ये ‘ड्रीम गर्ल’ या हिंदी चित्रपटात नव्याने आले. त्यात मराठी धृपद राहिले आणि भोवतालचे शब्द हिंदी झाले. गीतमाला जे रस्त्यावर करते तेच तेथे पडद्यावर झाले.

कडवे गेल्याने नेमके काय जाते? लावणीत कडव्यांतून नायिकेची कथा पुढे सरकते. ती गेली की उरतो तो नखरा. भीमगीतांत हानी आणखी मोठी आहे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या परंपरेतील गीतात धृपद घोषणा करते आणि कडवी युक्तिवाद करतात. का, कोणी, कशासाठी, हे कडव्यांत सांगितलेले असते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत केवळ धृपदे जोडून वाजविली, तर घोष उरतो आणि विचार रस्त्याच्या कडेस पडतो.

शिवाय शेवटच्या कडव्यात कवीचे नाव असते. अभंगात ते आहे, पोवाड्यात आहे, राम जोशी, होनाजी, प्रभाकर, सगनभाऊ यांच्या लावण्यांत आहे, आणि वामनदादांच्या गीतांतही आहे. नाममुद्रा हा मराठी लोकगायकीतील स्वामित्वाचा दस्तऐवज होय. छापखाना नसताना कवीने आपला हक्क गाण्याच्या शेवटच्या ओळीत नोंदवून ठेवला. ते कडवे गाळणे म्हणजे दस्तऐवजावरील सही पुसणे होय. याच गीतमालांत दर काही मिनिटांनी एक ध्वनिमुद्रित आवाज जोडणाऱ्याचे नाव घोषित करतो, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. नाममुद्रेची गरज जोडणाऱ्यास कळली आहे. कवीची मुद्रा काढून त्या जागी त्याने आपली बसविली आहे. भाषेने ज्यास यंत्रात विरघळविले, तो आपले नाव अशा रीतीने परत मिळवितो, ही त्याची बाजूही न्यायाने मांडावयास हवी. परंतु एकाचे नाव राहण्यासाठी दुसऱ्याचे जाणे आवश्यक नाही.

धृपदांपुरते कापणे हा या कलाप्रकाराचा स्वभावच आहे, असे मात्र नाही. टॉम मोल्टन याने ग्लोरिया गेनर हिच्या १९७५ च्या ‘नेव्हर कॅन से गुडबाय’ या तबकडीची पहिली बाजू तीन गाण्यांची अखंड गुंफण करून सजविली. त्यांतील एक गाणे १९६६ मध्ये ‘फोर टॉप्स’ यांनी गाजविलेले जुने सोल गीत होते. मोल्टनने गाणी कापली नाहीत, वाढविली; कडव्यांच्या मध्ये वाद्यांस जागा करून दिली, म्हणजे शब्दास श्वास आणि नाचास अवकाश मिळाला. उलट १९८१ मध्ये हॉलंडमधून आलेल्या ‘स्टार्स ऑन ४५’ या तबकडीने बीटल्सच्या गाण्यांचे तुकडे नव्याने गाऊन टाळ्यांच्या एकसुरी ठेक्यावर ओवले. ती प्रचंड खपली, पण त्या तुकड्यांत गाणे वाढण्यास जागा नव्हती. इंग्लंडमधील विगन कॅसिनो येथे १९७३ ते १९८१ या काळात रात्रभर अमेरिकन सोलच्या जुन्या, पुष्कळदा मूळ बाजारात न चाललेल्या तबकड्या वाजत. तेथील वादक स्पर्धेपायी कधी कधी तबकडीवरील नाव झाकीत. पण गाणे पूर्ण वाजवीत. नाचणाऱ्यांना ती गाणी कडव्यांसह पाठ झाली, आणि विस्मृतीत गेलेले गायक पुन्हा नावाने ओळखले जाऊ लागले. आपल्याकडील गीतमाला आज ‘स्टार्स ऑन ४५’च्या वाटेने जात आहे, वारकरी भजनाची वाट मोल्टनच्या वाटेस अधिक जवळची होती.

६

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. वरातीत शब्द ऐकतो कोण? नाच हा देहाचा व्यवहार आहे. त्यास कडव्याशी काय कर्तव्य?

हा आक्षेप ध्वनिविज्ञानाच्या कसोटीवर उलट दिशेने जातो. व्यंजनांची, विशेषतः अघोष व्यंजनांची, ओळख पटविणारी ऊर्जा क्षीण असते आणि बव्हंशी वरच्या कंपनसंख्यांत असते. खालच्या पट्टीतील प्रचंड आवाज वरच्या पट्टीतील क्षीण आवाजास झाकून टाकतो. म्हणून कर्ण्यांच्या भिंतीपुढे स्वर पोचतात, व्यंजने पोचत नाहीत. तरीही सबंध वरात धृपद शब्दशः गाते. हे कसे घडते? शब्द कर्ण्यातून येत नाहीत, नाचणाऱ्याच्या स्मृतीतून येतात. कर्णा केवळ लय आणि स्वरांची आकृती देतो. व्यंजने समुदाय स्वतः भरतो. अनोळखी गाणे तेथे चालत नाही, याचे कारण हेच. गीतमालेस जुनी गाणी लागतात ती आवड म्हणून नव्हे, गरज म्हणून.

आता ही स्मृती कोठून आली? आजोबांनी ते गाणे फडात अथवा तंबूत आरंभापासून अखेरपर्यंत ऐकले होते. बापाने कॅसेटची फीत पुन्हा पुन्हा उलटवून पाठ केले होते. गीतमाला त्या भांडवलावर चालते. पण ती स्वतः त्यात भर घालीत नाही. आज तिच्यापुढे नाचणाऱ्या मुलास धृपदाखेरीज काही ऐकावयास मिळत नाही. उद्या त्याच्या मुलास कदाचित् धृपदाचा निम्माच भाग मिळेल. पेरल्यावाचून खळे करीत राहावे, तशी ही गत आहे. विवाहाच्या मिरवणुकीत गाणे वाजविण्यास कायदा हरकत घेत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाच्या ५२ व्या कलमात विवाहाची मिरवणूक व त्यास जोडून होणारे समारंभ स्पष्टपणे मोकळे ठेवले आहेत. म्हणजे वरातीवर गाण्याचे पैशाचे ऋण नाही. राहते ते स्मृतीचे ऋण, आणि ते रचनेतूनच फेडावे लागते.

७

यावरून एक साधी कसोटी मिळते. जी गीतमाला घेतलेल्या स्मृतीची काही अंशी परतफेड करते, ती चांगली. तासाभरात पंचवीस-तीस धृपदे ओवण्याऐवजी दहा-बारा गाणी घ्यावीत. त्यांतील दोन-तीन गाणी, निदान एक तरी, सर्व कडव्यांसह आणि नाममुद्रेसह वाजू द्यावे. त्या वेळी खालच्या पट्टीचा आवाज उतरवून व्यंजनांना वाट करून द्यावी. नाच त्याने थांबत नाही. चढानंतर आलेला तो उतार असतो, आणि त्यात आजोबा गाऊ लागतात व नातू ऐकू लागतो.

शेवटाचाही विचार व्हावा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकास मनाई आहे. त्यामुळे केडगावातील काय किंवा अन्यत्र काय, पुष्कळ गीतमाला संपत नाहीत, बंद पडतात. दहाचा ठोका होतो आणि अर्ध्या धृपदावर जनित्र थांबते. विगन येथे सकाळी आठ वाजता दारे बंद होत, आणि त्याआधी नेहमी तीच तीन गाणी वाजत. वेळेच्या बंधनातूनच तेथे समारोपाचा विधी जन्मास आला. मैफलीस भैरवी आहे, कीर्तनास आरती आहे. वरातीसही पावणेदहा वाजता आपली भैरवी असू शकेल. पूर्ण वाजवावयाचे गाणे त्या जागी ठेवावे. ढोल खाली उतरला असेल, मंगल कार्यालयाचे दार समोर असेल, आणि शेवटच्या कडव्यातले कवीचे नाव वऱ्हाडास स्पष्ट ऐकू येईल.